सकाळी चढतो, दहानंतर बसतो

बिदर जिल्ह्यातली भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद ही गावं आणि कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद. 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि हा पट्टा म्हैसूर राज्यात गेला. दप्तर कन्नडमध्ये आलं, पण कितीतरी घरांत आणि गॅरेजांत बोलणं मराठीच राहिलं, दखनीची फोडणी असलेलं. इथल्या मिस्त्रींनी हायड्रोलिकचं काम कुठल्या वर्गात शिकलेलं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे जॅक, जेसीबी, बोअरच्या गाड्या, हुमनाबादेवरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे टिप्पर यांच्याखाली पडून ते शिकले. आता त्याच हातांकडे कचरागाड्या येतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी लहान गावांवरही घरोघरचा कचरा वेगवेगळा गोळा करण्याची जबाबदारी टाकली. त्यानंतर गाडीच्या मागचा डबे उचलणारा लिफ्टर हा गावाच्या सकाळचा महत्त्वाचा अवयव झाला आहे.

तो बंद पडला की डबा कोण उचलतं? माणूस उचलतो. युरोपीय मानकात 240 लिटरच्या डब्यात सुमारे 96 किलो आणि 1100 लिटरच्या डब्यात 440 किलो माल धरलेला असतो. हा हिशोब घनमीटरला चारशे किलोचा आहे. आपला ओला कचरा त्याहून जड भरतो आणि त्यात कोणी नालीतला गाळ किंवा घर पाडल्याचा राडा टाकला की हिशोबच संपतो. लिफ्टरचा वॉल्व्ह अडकला तर हे वजन दोन पौरकार्मिकांच्या, म्हणजे सफाई कामगारांच्या, कमरेवर येतं. हे लिहायला बसण्याचं माझं कारण तेवढंच आहे.

खालचं संभाषण मी रचलेलं आहे. दोष, लक्षणं आणि तपासण्या खऱ्या आहेत. माणसं कोणी एक नाहीत. एक मिस्त्री आहे, ज्याचा भरवसा कानावर आणि तळहातावर आहे. एक पदविका घेतलेला तरुण इंजिनिअर आहे, ज्याला गेज लावल्याशिवाय बोलणं पटत नाही. गाडीची तक्रार एका ओळीची आहे : लिफ्टरला दम नाही.

मिस्त्री : जॅकचं सील गेलंय. दुसरं काही नाही. जॅक उतरवतो, सील किट टाकतो, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा.

इंजिनिअर : काका, उतरवायच्या आधी एक सांगा. कचरा दाबणारी पाटी कशी चालते? पाटी आणि लिफ्टर, दोन्हींना तेल एकाच पंपाचं आहे.

मिस्त्री : पाटी झकास दाबायलीय. आत्ताच बघितलं.

इंजिनिअर : मग पंप, त्याला इंजिनची ताकद देणारा पीटीओ आणि जादा दाब सोडणारा मुख्य रिलीफ, तिघांनाही सध्या सोडून द्यायचं. सगळंच ढिलं असतं तर मी टाकीतलं तेल बघितलं असतं, पीटीओ पूर्ण बसलाय का बघितलं असतं, शोषणाच्या पाईपाची जाळी बघितली असती. इथं एकच काम बिघडलंय. म्हणजे दोष लिफ्टरच्या वाटेवरच आहे : त्याचा वॉल्व्हचा भाग, त्याचे पाईप, त्याचे जॅक.

मिस्त्री : तेच म्हणालो मी. जॅक.

इंजिनिअर : तिघांपैकी एक तुम्ही निवडला. का निवडला ते सांगा.

मिस्त्री : कारण दहातल्या आठ गाड्यांत तोच निघतो. तू पुस्तक वाचलंस, मी गाड्या वाचल्या. वॉल्व्हला हात लावला की स्पेअर हैदराबादहून नाहीतर सोलापूरहून यायचं, गाडी चार दिवस उभी. सील किट मात्र लातुरात मिळतं, इथंही मिळतं. लोकांचा कचरा दारात सडायलाय, तेव्हा आधी जे हातात आहे ते करायचं.

मिस्त्रीची ही बाजू हलकी नाही. शहरातल्या वर्कशॉपला सुटा भाग तासाभरात मिळतो. बिदर-कलबुर्गीच्या गावात एक कॉइल यायलाही दोन दिवस जाऊ शकतात. अशा ठिकाणी अनुभवाची सरासरी हेच माणसाचं यंत्र असतं. पण सरासरी समोरच्या गाडीबद्दल काही सांगत नाही. ते सांगणारा माणूस, डबे लिफ्टरला लावणारा लोडर, इतका वेळ गाडीच्या मागच्या पायरीवर बसून होता आणि दोघांपैकी कोणीही त्याला विचारलं नव्हतं.

इंजिनिअर : (लोडरला) दादा, नेमकं काय होतं? पहिल्यापासून सांगा.

लोडर : सर, सकाळी चांगला चढतो. दहा वाजले, ऊन तापलं, की भरलेला डबा अर्ध्यावर जाऊन थांबायलाय. रिकामा चढतो.

इंजिनिअर : अर्ध्यावर सोडला तर तिथंच राहतो?

लोडर : नाही, हळूहळू बसतो. आणि उस्ताद, अजून एक. अर्ध्यावरून पुन्हा वर घ्यायला लिव्हर ओढला की आधी जरा खाली येतो, मग वर जातो. मी दोनदा पाय मागं घेतला.

मिस्त्री : हे तू मला का नाही सांगितलंस?

लोडर : तुम्ही विचारलं नाही.

मिस्त्री : (इंजिनिअरकडे वळून) आधी खाली, मग वर. हे जॅकचं काम नाही. ट्रॉलीत बघितलंय मी. वॉल्व्हच्या आत एक गोटी असते, परत येणाऱ्या तेलाला अडवणारी. ती नीट बसेना झाली की असं होतं.

इंजिनिअर : लोड चेक. वॉल्व्हच्या आतला लिव्हरनं सरकणारा दांडा, म्हणजे स्पूल, सरकायला लागला की क्षणभर जॅक आणि पंपाची वाट जोडली जाते. पंपाचा दाब अजून चढलेला नसतो, डब्याचं वजन मात्र जॅकमधल्या तेलावर बसलेलंच असतं. लोड चेकनं ते तेल मागं जाऊ द्यायचं नसतं. त्याच्या बैठकीत कचरा असला की दाब चढेपर्यंत डबा खाली घसरतो.

मिस्त्री : मग लिव्हर मध्ये असतानाही बसतो, ते?

इंजिनिअर : तिथं लोड चेकचा संबंध नाही, कारण मधल्या जागी तेल दुसऱ्या वाटेनं टाकीकडं पळतं. एक तर स्पूल आणि त्याच्या घराच्या मधून, नाहीतर लिफ्टरच्या भागाला जो छोटा स्वतंत्र रिलीफ आहे त्यातून. लिफ्टरची बांधणी तशी असली, तर वेगळ्या लॉक वॉल्व्हमधूनही.

मिस्त्री : आणि जॅकच्या आतून? सील फाटलं तर खालचं तेल वर जाणारच की.

इंजिनिअर : जाईल. पण जॅकच्या दोन्ही तोंडांना बूच मारलंय असं धरा. आत सील अजिबात नाही. डब्याचं वजन दांड्याला आत ढकलतंय. दांडा आत आला तर त्याच्या जाडीएवढी जागा आत कमी होणार. तेल दबत नाही, बाहेर जायला वाट नाही. दांडा येणार कुठं? सुरुवातीला थोडा दबेल, पुढं तिथंच उभा राहील. बसत राहायचं असेल तर तेलाला बाहेरची वाट लागते आणि ती वाट वॉल्व्हमधून जाते.

मिस्त्री काही वेळ बोलला नाही. मग त्यानं असा प्रश्न विचारला जो बरेच शिकलेले विचारत नाहीत.

मिस्त्री : भार दांड्याला आत ढकलत असेल तेव्हा हे बरोबर. बाहेर ओढत असेल तर?

इंजिनिअर : तर तुमचं खरं ठरू शकतं. दांडा बाहेर गेला की आतली जागा वाढते, पोकळी होते, भार खाली येतो. म्हणून आधी लिफ्टरचा जॅक कुठून कुठं ढकलतो ते बघायचं. ह्या गाडीत तो खालून वर ढकलतो.

मिस्त्री : तरीही मला डोळ्यांनी बघायचंय.

इंजिनिअर : बघू. रिकामा लिफ्टर अर्ध्यावर, खाली मजबूत लोखंडी टेकू, त्याच्या वर उतरवता येणारा गॅरेजचा जॅक. इंजिन बंद, पीटीओ बाहेर, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून दाब सोडायचा. मग वॉल्व्हकडचे दोन्ही पाईप काढून त्यांच्या तोंडांना पोलादी बूचं, दाब झेलणारी. प्लास्टिकची नाहीत, लाकडाची खुंटी तर मुळीच नाही. नंतर सगळे बाजूला आणि वरचा आधार दोन-तीन इंच खाली. लिफ्टर टेकूपर्यंत आला तर जॅक दोषी. हवेतच राहिला तर वॉल्व्ह.

लिफ्टर हवेतच राहिला. इथं मी संभाषण थांबवतो, कारण या तपासणीत माणसं मरू शकतात. उचललेल्या लिफ्टरखाली किंवा मागच्या झाकणाखाली फक्त तेलाच्या भरवशावर कोणी जायचं नसतं, दोन मिनिटांसाठीही नाही. कंपनीनं दिलेला सुरक्षा दांडा गाडीवर नसेल तर तो आधी करून घ्यावा, दुरुस्ती नंतर. दुसरी गोष्ट त्याहून कमी जणांना माहीत असते. पाईपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की तिथून निघणारी धार दिसतसुद्धा नाही, पण ती कातडीतून आत शिरते. सात बारच्या आसपासच्या दाबालाही हे होऊ शकतं. लिफ्टरच्या पाईपात त्याच्या वीस पट दाब असतो. बाहेर एवढासा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही आणि आत तेल बोटाचं मांस मारत जातं. गळती हातानं चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. धार लागलीच तर गावातल्या दवाखान्यात मलम लावून घरी जायचं नाही, त्याच दिवशी शस्त्रक्रिया होईल अशा रुग्णालयात जायचं आणि डॉक्टरांना “दाबाचं तेल आत गेलंय” हे स्पष्ट सांगायचं. कलबुर्गी किंवा हैदराबाद गाठायला लागणारा वेळ धरला तर हे घरातल्यांनाही माहीत असायला हवं.

मिस्त्री : ठीक आहे, वॉल्व्ह. मग रिलीफ एक आटा आवळतो. दाब वाढला की डबा चढतो, आजचा दिवस निघतो.

इंजिनिअर : कुठला रिलीफ? मुख्य?

मिस्त्री : हो, तोच हाताला लागतो.

इंजिनिअर : पाटी नीट दाबतेय म्हणजे मुख्य रिलीफ निर्दोष आहे. जो निर्दोष आहे त्यालाच तुम्ही शिक्षा करताय. 50 मिलिमीटर व्यासाचा जॅक 150 बारला जवळपास तीन टन ढकलतो. आटा आवळला की किती वाढलं ते गेजशिवाय तुम्हाला कळणार नाही, मला कळणार नाही. पाईपाला मात्र कळतं, लिफ्टरच्या दांडीच्या वेल्डिंगला कळतं. आणि गळती तर तशीच राहणार. दाब वाढला की त्याच फटीतून जास्त तेल पळणार, तेल जास्त तापणार, पातळ होणार, अजून पळणार.

मिस्त्री : तापतं ते मला सांगू नकोस. हे बघ, (तळहात वॉल्व्हजवळ नेत) लिफ्टरचा भाग शेजारच्यापेक्षा गरम आहे. टाकीकडं जाणारा पाईपही. तेल जिथं फुकट पळतं तिथं गरम होतं. कानानंही कळतं, बारीक शिट्टी आहे.

इंजिनिअर : हे मी गेजनं दाखवणार होतो.

मिस्त्री : मी हातानं दाखवलं.

दोघंही एकाच जागी पोचले होते. माझं मत विचाराल तर या क्षणी हात वरचढ होता. दाबाखालचं तेल काम न करता फटीतून निसटलं की त्याची सगळी ताकद उष्णतेत जाते. म्हणून गळका भाग शेजाऱ्यापेक्षा तापतो. आधी जवळून अंदाज घ्यायचा, तापलेल्या लोखंडाला एकदम पंजा लावायचा नाही, एवढीच काळजी. पण आकडा हवा असतो तिथं, म्हणजे रिलीफ बसवताना, हाताचं काही चालत नाही.

सकाळ आणि दहा वाजताचा फरकही यातूनच उलगडतो. ज्या तेलाला 68 नंबर म्हणतात त्याचा दाटपणा 40 अंशांना 68 असतो. 80 अंशांना तो पंधराच्या आसपास येतो. कलबुर्गीच्या एप्रिल-मे महिन्यात बाहेरची हवाच चाळिशी ओलांडते, टाकीतलं तेल त्याहून कितीतरी वर. सकाळी दाट तेल फट बुजवून धरतं, दहानंतर तीच फट मोकळी होते. लोडरनं घड्याळ सांगितलं तेव्हाच अर्धा निकाल लागला होता.

मिस्त्री : मग खोलू या. स्पूल काढतो, बारीक पॉलिश पेपर मारतो, डिझेलनं धुतो.

इंजिनिअर : पेपर नको, काका. स्पूल आणि घर यांच्यातली फट दहा मायक्रॉनच्या आसपास असते. आपल्या डोळ्याला चाळीसच्या खालचं दिसत नाही. आणि गळती फटीच्या घनानं वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट.

मिस्त्री : आठपट?

इंजिनिअर : आठपट. एका पेपरनं चांगला स्पूल भंगारात जातो. एका भागाचा स्पूल दुसऱ्यात घालणंही तसंच, त्यांची जोडी कारखान्यात जुळवलेली असते. म्हणून स्पूल शेवटी. आधी तो छोटा रिलीफ आणि लोड चेक, दोन्ही बाहेरून निघतात. आणि इथं रस्त्यावर नाही. वारं बघा.

वारं लाल होतं. बिदरचं पठार जांभ्याचं आहे, त्याची लाल धूळ सगळीकडं शिरते; खाली कलबुर्गीकडं उतरलं की काळी माती. गाडीच्या टाकीचं मूळ झाकण कधीच हरवलेलं असतं, त्या जागी पिशवी आणि रबर. जॅकचा दांडा दर डब्याला बाहेर येतो, कचऱ्याचं आंबट पाणी आणि ही धूळ लागते आणि पुसणारं सील झिजलेलं असेल तर तो ते सगळं घेऊन आत जातो. याच जांभ्यात बहमनी काळात बिदरकरांनी करेझ खोदला, जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा, आणि गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर वरून विहिरी ठेवल्या. पाणी कमी झालं तर त्यांनी आधी गाळ बघितला असेल. कचरागाडीत तेलाचा गाळ कोणी बघत नाही, वॉल्व्ह बदलतात.

शेडमध्ये, स्वच्छ ताटात, वॉल्व्ह बाहेरून धुऊन झाल्यावर दोन्ही भाग निघाले. छोट्या रिलीफच्या बैठकीवर पांढरा धागा अडकलेला होता. लोड चेकखाली आणखी एक.

मिस्त्री : टेप आहे हा. निपलला मारतो तो पांढरा टेप.

इंजिनिअर : ह्या निपलांना टेप लागतच नाही, त्यांचं काम धातूच्या कड्यातल्या रबरी वॉशरनं होतं. टेपचं सुटं शेपूट आत राहतं, दाबानं तुटतं आणि तेलाबरोबर फिरत अशा ठिकाणी येऊन बसतं.

मिस्त्री : इकडं सगळेच मारतात.

इंजिनिअर : म्हणून सगळ्यांच्याच गाड्या येतात तुमच्याकडं.

बैठकींना ओरखडा नव्हता. दोन्ही भाग धुतले, धागे सुटणाऱ्या चिंधीऐवजी गाळलेल्या तेलानं आणि हवेनं. ओ-रिंग नवीन टाकल्या. बसवताना मिस्त्रीनं स्वतःहून बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. एकीकडचा जोरात आवळला की वॉल्व्हचं घर किंचित वाकतं आणि स्पूल अडकतो, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. एका ट्रॉलीनं शिकवलं होतं. मग इंजिनिअरनं लिफ्टर टोकाला नेऊन गेजवर दाब बघितला आणि कंपनीच्या माहितीपट्टीवरच्या आकड्याशी ताडला. भरलेला डबा चढला, अर्ध्यावर थांबवला, तिथंच राहिला. पण इंजिनिअर खूश दिसला नाही.

इंजिनिअर : दुपारी परत बघू, तेल तापल्यावर. आणि टाकीतलं सगळं तेल काढायला लागेल. दोन धागे सापडले, तिसरा कुठं आहे कोणाला माहीत? जाळी धुवायची, परतीचा फिल्टर नवीन, टाकी आतून पुसायची, नवीन तेल गाळून भरायचं. बॅरलमधलं नवीन तेलही वॉल्व्हच्या मानानं स्वच्छ नसतं.

मिस्त्री : पैसे कोण देणार? वॉल्व्ह बदलला की त्याचं बिल निघतं, वॉल्व्ह दिसतो. मी अर्धा दिवस घालवून धागा काढला, त्याचं बिल काय लिहू? “धागा काढला”? तेल गाळल्याचं बिल तर कोणी वाचणारही नाही. मला नवीन वॉल्व्ह टाकणं सोपं आहे, बाबा, आणि फायद्याचंही. चुकीचं आहे ते मलाही कळतं.

या प्रश्नाला इंजिनिअरकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही सोपं नाही. ज्या देखभाल करारात फक्त बदललेल्या भागाचे पैसे मिळतात, तो करार मिस्त्रीला भाग बदलायलाच सांगतो. स्वच्छ तेल, फिल्टर आणि तपासणीचे तास यांना करारात स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र दर हवा. तो दर ठरवणाऱ्या माणसानं एकदा तरी लिफ्टर बंद असलेल्या गाडीमागं सकाळ काढावी, असं मला मनापासून वाटतं.

लोडर : सर, तेलाचा बॅरल नगरपालिकेच्या आवारात उघड्यावर असतो. उभा. पावसात वर पाणी साचतं.

इंजिनिअर : तेल दुधाळ दिसलं होतं कधी?

लोडर : गेल्या पावसाळ्यात. कोणाला सांगायचं ते कळलं नाही.

मिस्त्री : बॅरल आडवा ठेवायचा, दोन्ही बूचं तेलाच्या खाली येतील असा. आणि छपराखाली. अर्ज लिही तू.

इंजिनिअर : कन्नडमध्ये लिहावा लागेल.

मिस्त्री : तू लिही, मी मराठीत सांगतो. एक, बॅरल आत. दोन, टाकीला झाकण आणि हवेचा फिल्टर. तीन, लिफ्टरला कायमची गेजची जागा, म्हणजे दर वेळी पाईप खोलायला नको.

लोडर : उस्ताद, सुरक्षा दांडा.

मिस्त्री : तो एक नंबरला घे. बाकीचं खाली सरकव. आणि शेवटी अर्ध्या दिवसाची मजुरी लिही, कशाची ते नीट लिही.